अतिरेकी मूठभर, संशय सगळ्यांवर : वडिलांशी कसं बोलावं आणि स्वतःशी कसं

तुमचा प्रश्न मी असा समजून घेतलाय. अतिरेकी हल्ल्याची बातमी आली की तुमचे वडील एका समाजाबद्दल सरसकट बोलू लागतात. “सगळे तसे नसतात हे मान्य, पण पकडले जातात ते सगळे त्यांच्यातलेच कसे?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुम्ही आकडे दाखवलेत की ते आणखी चिडतात आणि बोलणं तिथेच तुटतं. मग शेवटी, जरा संकोचाने, तुम्ही आणखी एक गोष्ट लिहिलीय. तुमच्या टीममध्ये त्याच समाजाचा एक नवा सहकारी आला, त्याने पाठीवरची बॅग टेबलाखाली सरकवली आणि क्षणभर तुमच्याही मनात शंका येऊन गेली. “मग मी बाबांना कोणत्या तोंडाने सांगू?” असं तुम्ही विचारलंय.

समाजाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही. हेच वाक्य, अगदी ह्याच सुरात, मी वेगवेगळ्या समाजांबद्दल ऐकलंय. काही वेळा तर एकाच खोलीत, दोन्ही बाजूंकडून.

मी समुपदेशक आहे. हल्ला, दंगल किंवा नुसती अफवा यांनंतर ज्यांचं एकमेकांशी बोलणं थांबलंय अशा माणसांना एकत्र बसवून बोलतं करणं, हे बरीच वर्षं माझं काम आहे. त्यावरून सांगते, तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. एक म्हणजे मनात आपोआप उठणारी शंका. दुसरी म्हणजे त्या शंकेला मताचं आणि पुढे निर्णयाचं रूप देणं. पहिली गोष्ट तुमच्याकडून झाली, दुसरी झालेली नाही. तेव्हा ढोंगीपणाचा आरोप स्वतःवर लावून घेऊ नका.

आपोआप उठणारी शंका कुठून येते हे कळलं की तिची पकड बरीच सैल होते. १९७६ साली डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना दोन काल्पनिक गटांमधल्या माणसांच्या वागण्याबद्दल ३९ वाक्यं दाखवली. ‘अ’ गटाबद्दल २६ आणि ‘ब’ गटाबद्दल १३, म्हणजे ‘ब’ गट लहान. चांगल्या-वाईट वागण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे तंतोतंत सारखं होतं. ‘अ’ मध्ये १८ चांगली, ८ वाईट, तर ‘ब’ मध्ये ९ चांगली, ४ वाईट. नंतर लोकांना आठवून सांगायला लावलं तेव्हा त्यांनी लहान गटाच्या नावावर प्रत्यक्षापेक्षा जास्त वाईट वागणं टाकलं. ह्या गटांना धर्म नव्हता, जात नव्हती, जुनी भांडणं नव्हती. लहान गट कमी वेळा समोर येतो, वाईट कृत्यंही कमी वेळा समोर येतात, आणि दोन क्वचित दिसणाऱ्या गोष्टी एकत्र दिसल्या की स्मरणात त्यांची गाठ पक्की बसते. कुणी मुद्दाम द्वेष शिकवलेला नसतानाही एवढं होतं.

आता त्यात खरा रक्तपात आणि पडद्यावर दिवसरात्र फिरणारी तीच ती दृश्यं मिसळा. अमेरिकेत २००६ ते २०१५ या काळात झालेल्या हल्ल्यांच्या बातम्यांचा एरिन कर्न्स आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. हल्लेखोर मुस्लिम असेल तर त्या हल्ल्याला इतर हल्ल्यांपेक्षा सरासरी ३५७ टक्के जास्त प्रसिद्धी मिळाली होती, आणि मृतांची संख्या, हल्ल्याचं लक्ष्य यांसारखे फरक हिशोबात धरूनही हा आकडा येत होता. जे सारखं ऐकू येतं ते सारखं घडत असणार, असा मनाचा हिशोब असतो. तुमच्या सहकाऱ्याने बॅग सरकवली तेव्हा हा हिशोब तुम्हाला न विचारता चालू झाला.

म्हणून शंका आली याबद्दल स्वतःला झोडपू नका. हे मी दिलासा द्यायचा म्हणून सांगत नाही. ज्यांना आपल्या शंकेची फार लाज वाटते तीच माणसं पुढे त्या समाजाच्या माणसांना टाळू लागतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. लाजेपायी नजर चुकवली जाते, बोलणं तुटक होतं. समोरच्याला तुमची लाज दिसत नाही, त्याला एवढंच जाणवतं की हा माणूस इतरांशी हसून बोलतो आणि माझ्याशी कामापुरतं. शंका आल्यानंतरच्या मिनिटात तुम्ही काय केलंत, ते तपासा. दुसऱ्या कुणाची बॅग असती तर तुम्ही जे केलं असतं, तेच केलंत का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढे चला.

वडिलांच्या वाक्याकडे येऊ. “पकडले जातात ते सगळे त्यांच्यातलेच” हे मुळात खरं आहे का, ते आधी पाहू. आपल्याच देशातल्या तीन हत्या घ्या. ३० जानेवारी १९४८ ला महात्मा गांधींना मारणारा नथुराम गोडसे हा मराठी ब्राह्मण होता. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींवर गोळ्या झाडणारे दोघे त्यांचेच शीख अंगरक्षक होते. २१ मे १९९१ ला राजीव गांधींचा जीव घेणारा कट श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांच्या लिट्टे या संघटनेचा होता. तीन वेगळे समाज, आणि प्रत्येक वेळी त्या काळातल्या अनेकांना मनापासून वाटत होतं की धोका आहे तो ह्यांच्याकडूनच.

त्याची किंमत कुणी मोजली तेही बघा. १९४८ मध्ये सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत अशा ब्राह्मण कुटुंबांची घरं जाळली गेली ज्यांचा त्या कटाशी काडीचाही संबंध नव्हता. अनेकांनी गाव सोडलं ते कायमचं. १९८४ मध्ये एकट्या दिल्लीत सरकारी आकड्यानुसार २,७३३ शीख मारले गेले. १९९१ नंतर तमिळनाडूतल्या श्रीलंकन निर्वासितांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं, आणि ती माणसं तर त्याच युद्धातून जीव वाचवून आलेली होती. “सुक्याबरोबर ओलंही जळतं” असं अशा वेळी सहज म्हटलं जातं. मला हे वाक्य सहन होत नाही. ह्यांपैकी एकही घर आपोआप पेटलं नव्हतं.

वडिलांच्या वाक्यात दुसरी गोम आहे ती जास्त खोल आहे. समजा, एखाद्या ठिकाणी एखाद्या काळात पकडलेले बहुतेक अतिरेकी खरोखर एकाच समाजाचे निघाले. असं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीही “अतिरेक्यांपैकी किती जण ह्या समाजाचे?” आणि “ह्या समाजापैकी किती जण अतिरेकी?” हे दोन निराळे प्रश्न आहेत. बातमी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. टेबलाखाली बॅग ठेवणाऱ्या माणसाकडे बघताना आपल्याला हवं असतं दुसऱ्याचं. समजायला एक काल्पनिक आकडा घेऊ. एका समाजाची लोकसंख्या १ कोटी आहे आणि त्यातले तब्बल २,००० जण अतिरेकी गटांमध्ये सामील आहेत. म्हणजे ५,००० माणसांमागे एक. हल्ला करणारे शंभर टक्के त्या समाजाचे असले तरी समोर आलेल्या कुठल्याही माणसावर घेतलेला संशय ५,००० पैकी ४,९९९ वेळा चुकणार. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात ‘सगळे’ हा शब्द येऊ शकतो, पण तो उचलून दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ठेवता येत नाही. वडिलांच्या वाक्यात नेमकं हेच घडतं, आणि घाईघाईत ते ध्यानातही येत नाही.

इथे वडील म्हणतील, “पण ती संघटना त्यांच्या धर्माच्या नावाने चालते, त्यांच्यातूनच पोरं उचलते, त्याचं काय?” हा आक्षेप रास्त आहे आणि तो उडवून लावू नका. अतिरेकी गट एखाद्या धर्माची, भाषेची, जातीची किंवा विचारसरणीची भाषा वापरतात, तिथले राग आणि दुःखं वापरतात, ओळखीपाळखीतून भरती करतात. त्या विचारावर कठोर टीका करणं, पैसा कुठून येतो हे विचारणं, कोण वक्ता काय शिकवतो यावर लक्ष ठेवणं, हे सगळं योग्यच आहे. पूर्वग्रहाविरुद्ध बोलणारी काही मंडळी हा मुद्दाच नको म्हणतात, आणि तिथेच वडिलांसारखी माणसं हातची जातात. त्यांना वाटतं, ह्यांना दिसतं ते नाकारायचंय.

मी बैठकांमध्ये एकच नियम घालते : नाव घेऊन बोला. संघटनेचं नाव, नेत्याचं नाव, घटनेचं नाव. “अमुक संघटनेने अमुक ठिकाणी बॉम्ब ठेवला” हे वाक्य मी कधीच अडवत नाही, ते कितीही रागाने म्हटलेलं असो. “ह्या लोकांनी बॉम्ब ठेवला” म्हटलं की मी थांबवते आणि विचारते, कोणी? नाव सांगा. विशेष म्हणजे, हा नियम चिडलेल्या माणसांनाही अन्यायाचा वाटत नाही. त्यांचा राग आम्ही काढून घेत नाही, तो कुणावर आहे एवढंच विचारतो. तुमच्या घरात सुरुवात करायला ह्याहून सोपी गोष्ट मला सुचत नाही.

“मग चांगली माणसं निषेध का करत नाहीत?” हा पुढचा ठरलेला प्रश्न. उत्तर असं की ते करतात, आपल्यापर्यंत पोचत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या बडा कब्रस्तानात दफन करू देणार नाही, अशी भूमिका मुस्लिम जामा मशीद ट्रस्टने घेतली. ते मृतदेह जानेवारी २०१० पर्यंत जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले. एका धार्मिक संस्थेने दफनाची जागा नाकारणं याहून स्पष्ट निषेध कोणता असतो? सप्टेंबर २०१४ मध्ये शंभराहून जास्त मुस्लिम धर्मपंडितांनी इस्लामिक स्टेट या अतिरेकी संघटनेचा म्होरक्या बगदादी याला जाहीर पत्र लिहून त्याच्या दाव्यांचं मुद्द्यागणिक खंडन केलं. वडिलांनी ह्यांपैकी काय ऐकलंय ते विचारून बघा.

पण मला त्या मागणीबद्दलच बोलायचंय. तुमच्या सहकाऱ्याने दर हल्ल्यानंतर सकाळी येऊन आपण निर्दोष आहोत हे जाहीर करावं, अशी अपेक्षा आपण ठेवतो. ती आपण स्वतःकडून कधी ठेवत नाही. माझ्या बैठकांत बसलेल्या माणसांनी मला सांगितलंय की हल्ल्याची बातमी कळताच त्यांच्या मनात एकामागून एक दोन विचार येतात. आधी मेलेल्यांबद्दलचं दुःख, आणि लगेच, “देवा, करणारा आमच्यातला नसू दे.” त्या दुसऱ्या विचाराने पहिला पुरता जगताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. शोक करायलाही त्यांना मोकळीक मिळत नाही. हे ऐकताना समोर बसलेल्यांचे चेहरे बदलतात. माझ्या अनुभवात आकड्यांनी असं क्वचितच होतं.

आणखी एका सापळ्याबद्दल सावध करते, कारण भली माणसं ह्यात सर्वांत जास्त सापडतात. “तू त्यांच्यातला वाटतच नाहीस.” हे कौतुक म्हणून म्हटलं जातं. झिवा कुंडा आणि कॅथरीन ओलेसन या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं की पूर्वग्रहाच्या विरुद्ध जाणारा माणूस भेटला की लोक त्याच्यात काहीतरी वेगळेपण शोधतात, त्याला अपवाद ठरवून बाजूला काढतात आणि गटाबद्दलचं मत जसंच्या तसं ठेवतात. म्हणून “माझा एक जवळचा मित्र त्यांच्यातला आहे” एवढ्याने काही बदलत नाही. चार साधी माणसं भेटली पाहिजेत, त्यातलं कुणी आळशी, कुणी तापट, कुणी कामाला वाघ. एकाच आदर्श माणसाने सगळ्या समाजाची वकिली करावी, असं ओझं तुमच्या सहकाऱ्यावर टाकू नका.

इथवरचं थोडक्यात : आपोआप आलेली शंका हा गुन्हा नाही, तिच्यानंतरचं आपलं वागणं तपासायचं. अतिरेक्यांबद्दलचा आकडा समाजाबद्दलचा आकडा होत नाही. टीका करायची तर नाव घेऊन. आणि एक चांगला माणूस अपवाद म्हणून बाजूला काढला की पूर्वग्रह शाबूत राहतो.

वडील कदाचित म्हणतील, “चुकलो तर चुकलो, पण सावध राहिलेलं बरं.” हे वाक्य सर्वांत जास्त पटणारं आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यावं लागतं. २१ नोव्हेंबर १९७४ ला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात दोन पबमध्ये स्फोट झाले, २१ माणसं गेली. उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश सत्ता उलथवू पाहणाऱ्या आयरिश अतिरेक्यांचं कृत्य होतं. पोलिसांनी बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्या सहा आयरिश माणसांना पकडलं, १९७५ मध्ये जन्मठेप झाली. ते सहाही निर्दोष होते. १४ मार्च १९९१ ला अपील न्यायालयाने त्यांना सोडलं तोवर सोळा वर्षं गेली होती. स्फोट करणाऱ्यांना आजवर शिक्षा झालेली नाही. म्हणजे संशयाने सहा संसार उद्ध्वस्त केले, आणि ज्यांची माणसं गेली त्यांनाही न्याय दिला नाही. सावधगिरीचं फळ हे असं निघालं.

उत्तर आयर्लंडमध्ये ९ ऑगस्ट १९७१ ला खटल्याशिवाय स्थानबद्धता सुरू झाली. पहिल्याच झडतीत ३४२ जणांना उचललं, बहुतेक सगळे एकाच, म्हणजे कॅथलिक, समाजातले. पुष्कळांचा अतिरेक्यांशी काही संबंध नव्हता. हिंसा थांबवण्यासाठी उचललेलं पाऊल होतं ते, पण त्या वर्षीच्या पहिल्या सात महिन्यांपेक्षा पुढच्या पाच महिन्यांत कितीतरी जास्त माणसं मारली गेली आणि १९७२ हे त्या संपूर्ण संघर्षातलं सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरलं. ज्या घरातून निरपराध मुलगा उचलला जातो त्या घराला पोलिसांना माहिती द्यावीशी वाटत नाही, आणि अतिरेक्यांची खबर सर्वांत आधी मिळते ती त्यांच्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांना.

अतिरेक्यांना हे पक्कं ठाऊक असतं. २०१५ च्या सुरुवातीला इस्लामिक स्टेटने आपल्या इंग्रजी मासिकात उघडपणे लिहिलं होतं की पाश्चात्त्य देशांत मुस्लिम आणि इतर मिळून राहतात तो मधला करडा प्रदेश नष्ट करायचा आहे, म्हणजे तिथल्या मुस्लिमांपुढे आमच्याकडे येण्यावाचून पर्याय उरणार नाही. हल्ला हे त्यांचं साधन आणि शेजाऱ्याने शेजाऱ्यावर घेतलेला संशय हे त्यांना हवं असलेलं फळ. तुमच्या वडिलांना अतिरेक्यांचा मनापासून राग आहे. तर हा मुद्दा त्यांना लागू शकतो.

‘शकतो’ म्हणतेय, कारण आता खरा प्रश्न येतो : हे सगळं त्यांच्याशी बोलायचं कसं? वर लिहिलेले मुद्दे पाठ करून त्यांच्यावर सोडू नका. अमेरिकेत जोशुआ काल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी घरोघरी जाऊन केलेल्या संभाषणांचे मोठे प्रयोग केले. नुसते युक्तिवाद ऐकवले तर मतं हलली नाहीत. ऐकणाऱ्याला दोष न देता दोघांनी आपापले अनुभव सांगितले तेव्हा काही महिने टिकणारा बदल दिसला. बदल मोठा नव्हता, पण टिकला. माझ्या कामातही हेच दिसतं. माणूस वादात हरला की मत सोडत नाही, वाद घालणाऱ्याला सोडतो.

बोलायची वेळ निवडा. बातमीचा दिवस नको, टीव्ही चालू असताना नको, नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. चार लोकांसमोर कुणी माघार घेत नाही. दोघंच असताना आधी विचारा, “बाबा, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?” आणि मग खरंच ऐका, मध्ये खोडू नका. उत्तरं वेगवेगळी येतात. कुणाला घरातल्या मुलाबाळांची काळजी असते. कुणाला आपलं जग बदलतंय आणि आपल्याला कुणी विचारत नाही हे सलत असतं. कुणाची जुनी, स्वतः पाहिलेली आठवण असते. त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून मी तुम्हाला एकच ठरावीक संवाद लिहून देऊ शकत नाही.

मग तुमची बॅगेची गोष्ट सांगा. तुम्ही विचारलं होतंत, कोणत्या तोंडाने सांगू? ह्याच तोंडाने. “बाबा, मलाही असं झालं. तो बॅग ठेवत होता आणि माझ्या मनात आलं. नंतर बघितलं तर त्याने बॅग ठेवली तशीच इतर सगळ्यांनी ठेवलेली होती.” ज्याच्या मनात कधीच शंका येत नाही अशा माणसाचं वडील ऐकणार नाहीत, तो त्यांना भोळा वाटेल किंवा शिष्ट. ज्याला तीच शंका आली आणि ज्याने तिचं वेगळं काहीतरी केलं, त्याचं ऐकण्याची शक्यता आहे. ज्या गोष्टीने आपला अधिकार गेला असं तुम्हाला वाटतं, तिच्यामुळेच तुम्हाला बोलायचा अधिकार आहे.

त्यानंतर आरसा. त्यांना विचारा, दुसऱ्या कुणाच्या करणीचा ठपका तुमच्यावर कधी आला होता का? गावावरून, जातीवरून, आडनावावरून, खात्यावरून? बहुतेक माणसांकडे अशी एक तरी गोष्ट असते आणि ती सांगताना आवाज बदलतो. एमिल ब्रुनो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना आधी विचारलं की तुमच्या स्वतःच्या गटातल्या माणसाने केलेल्या हिंसेला तुम्ही किती जबाबदार? मग मुस्लिमांबद्दल तोच प्रश्न. ज्यांना आधी स्वतःबद्दल विचारलं होतं त्यांनी संपूर्ण समाजाला कमी दोष दिला. पुढे स्पेनमध्ये केलेल्या अभ्यासात हा परिणाम वर्षभरानंतरही दिसला. महत्त्वाचं असं की विसंगती त्यांची त्यांना दिसू द्यायची असते. “बघा, म्हणजे तुम्ही दुटप्पी आहात” असं तुम्ही म्हणालात की सगळं वाया गेलं. प्रश्न विचारा आणि गप्प बसा.

वडील “तुझं बरोबर आहे” म्हणतील अशी वाट पाहू नका. मी वेगळ्या खुणा पाहते. ‘ते लोक’ ऐवजी संघटनेचं नाव येऊ लागतं. पुढे पाठवायचा एखादा संदेश पाठवलेला नसतो. कधी नुसतं “काही जण” असा शब्द वाक्यात शिरतो. एवढं झालं तर ते खूप आहे.

सहकाऱ्याबद्दल फार लिहीत नाही. त्याच्याकडे जाऊन कबुली देऊ नका, तुमचं मन हलकं करणं हे त्याचं काम नाही. त्याच्याबरोबर एखादं काम मागून घ्या. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की नुसत्या भेटीगाठींपेक्षा बरोबरीच्या नात्याने, एकाच उद्दिष्टासाठी, सहकार्याने आणि वरिष्ठांच्या पाठिंब्याने झालेला संपर्क पूर्वग्रह कमी करतो. २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासून संपर्काचा उपयोग होतो हे दाखवलं. एका टीममध्ये ह्यांतल्या बऱ्याचशा अटी आपोआप पुऱ्या होतात.

काही परिस्थितींत वरचं सगळं बाजूला ठेवावं लागतं. वडिलांनी स्वतः हल्ला अनुभवला असेल किंवा त्यात जवळचं माणूस गमावलं असेल, तर गणित आणि आरसा दोन्ही नकोत. तिथे आधी आघातावर उपचार हवेत, चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे. दुसरं, गोष्ट बोलण्यापुरती न राहता कुणाला नोकरी नाकारणं, घर नाकारणं, त्रास देणं इथवर गेली असेल, तर संवादाची वाट पाहू नका. निर्णय लेखी निकषांवर घ्यायला लावा आणि गरज पडली तर तक्रार करा. पूर्वग्रह बदलायला वर्षं लागतात, अन्याय त्याच दिवशी थांबवता येतो. तिसरं, परिसरात प्रत्यक्ष तणाव असेल तर मतपरिवर्तन राहू द्या. अफवा पुढे जाऊ न देणं आणि अडकलेल्या माणसांना सुरक्षित ठेवणं, तेवढंच करा.

आणि एक करार वडिलांशी आत्ताच करा, कुठलीही बातमी नसताना. पुढचा हल्ला झाला की पहिला दिवस कुणाचंही नाव घ्यायचं नाही. २२ जुलै २०११ ला ऑस्लोमध्ये बॉम्ब फुटला तेव्हा पहिल्या काही तासांत जगभरचे जाणकार इस्लामी अतिरेक्यांवर बोट ठेवत होते. निघाला नॉर्वेतच वाढलेला, मुस्लिमांचा द्वेष करणारा गोरा माणूस. त्याने त्या दिवशी ७७ जणांना मारलं, त्यातल्या ६९ जणांना उटोया बेटावर. त्याआधी, १९ एप्रिल १९९५ ला ओक्लाहोमा सिटीत १६८ माणसं गेली तेव्हाही पहिला संशय मध्यपूर्वेतल्या लोकांवर होता. पकडला गेला तो टिमथी मॅकव्हे, अमेरिकेचाच माजी सैनिक, आणि त्यानंतर कुणी माजी सैनिकांच्या बॅगांकडे संशयाने पाहिलं नाही. वडिलांना ह्या दोन घटना सांगा आणि चोवीस तास थांबायचं कबूल करून घ्या. तपास यंत्रणांनी नाव जाहीर केलं की त्या माणसाचं नाव घ्या, त्याच्या संघटनेचं घ्या, हवा तेवढा राग त्यांच्यावर काढा. वडिलांना हे मान्य होईल असा माझा अंदाज आहे, कारण ह्यात त्यांना कुठलंही मत सोडावं लागत नाही, एक दिवस थांबावं लागतं.